दुखण्याची आणेवारी

एमडी आयुर्वेदच्या शेवटच्या वर्षी माझ्या ताब्यात वीस बायकांचे गुडघे होते. एकूण अडतीस, कारण दोघींचा एकेकच दुखायचा.

विषय सरांनी दिलेला. नांदेडच्या आमच्या कॉलेजात सर गुडघेदुखीसाठी एक तेल करायचे. त्या तेलाचा गुण येतो हे त्यांना ठाऊक होतं, रुग्णांना ठाऊक होतं, कॉलेजच्या शिपायालाही ठाऊक होतं. फक्त कागदावर कुठं नव्हतं, ते काम माझ्याकडं आलं. गुडघ्याभोवती उडदाच्या पिठाची पाळ लावायची, आत कोमट तेल ओतून अर्धा तास ठेवायचं, असे एकवीस दिवस. दहा जणींना सरांचं तेल आणि दहा जणींना साधं तिळाचं. बाटल्यांना लाल आणि हिरवी झाकणं. कुठल्या झाकणाखाली काय आहे ते एकट्या सरांना माहीत. देणाऱ्यालाही कळता कामा नये, तरच चाचणी खरी.

माझा स्वभाव तिरसट. सरांशी वाद घालून मी आधीचा एक विषय सोडला होता आणि त्यात सहा महिने घालवले होते. आता हा प्रबंध वेळेत गेला नाही तर आणखी एक सत्र बुडणार होतं. लातूरला आई-बाबांना मी दर फोनवर "यंदा नक्की" म्हणून सांगत होते, आणि तेही दर वेळी विश्वास ठेवत होते. त्याचाच मला जास्त राग यायचा.

नायगावात खोली घेतली आणि जवळच्या एका गावातल्या समाजमंदिरात बस्तान मांडलं. पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी दोघी आल्या, भिंतीवरचा तक्ता बघितला आणि निघून गेल्या. तिसऱ्या दिवशी मी वैतागून पारावर बसलेल्या बायकांपुढं हात जोडले. म्हटलं, "मावश्यांनो, माझ्या परीक्षेचा प्रश्न आहे. वीस जणी जमल्या नाहीत तर मी नापास होणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात तेवीस जणी उभ्या होत्या. तिघींना परत पाठवावं लागलं. त्या वेळी मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं.

त्यात सगळ्यांत पुढं अक्का. गावाच्या दुसऱ्या टोकाला तिचं किराणा दुकान. साठी ओलांडलेली, अंगानं भारी, गळ्यात लिंगाची चांदीची पेटी. रोज सकाळी मांडी घालून, लिंग तळहातावर घेऊन पूजा करायची, हा तिचा लहानपणापासूनचा नेम. आता गुडघे वाकेनात म्हणून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून करावी लागायची. ते सांगतानासुद्धा तिची मान खाली जायची. म्हणाली, "देवापुढं पाव्हण्यासारखं बसावं लागतंय गं."

आणि दुसरी खाला. शिवणकाम करायची. मशीनचं पायडल मारून मारून तिचे गुडघे कामातून गेले होते, जीभ मात्र शाबूत होती. दुखणं मोजायला मी हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची छापील पट्टी नेली होती, शून्यापासून दहापर्यंत. खालानं पट्टी उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाली, "ह्यातलं हसायचं तोंड तर आम्ही रोजच करून राहिलो. ह्याच्यात काय कळणार तुला?"

अक्कानं मार्ग काढला. "आण्यात विचार की. सोळा आणे म्हणजे मरणाचं. मला बारा आणे हाय."

या भागात पिकाचा अंदाज आण्यातच सांगायची रीत. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक. सरकारनं आण्याचे पैसे केले तरी तोंडातून आणा गेलेला नाही. मी वहीत आण्यांचे रकाने आखले. फोनवर सरांना विचारलं, तर ते म्हणाले, "मोजमाप त्यांना कळणारं पाहिजे, तुला नव्हे."

मग रोज सकाळी पाच-पाच जणींच्या चार पंगती बसायच्या. भिंतीला पाठ, पाय लांब, गुडघ्यावर पिठाची पाळ आणि आत तेल. हलायला मनाई, त्यामुळं गावातल्या सगळ्या सुनांची झडती तिथंच व्हायची. मी येरझाऱ्या घालून थंड झालेलं तेल काढायची, गरम ओतायची. कोण धपाटे आणायचं, कोण दही. खाला माझ्या ॲप्रनचं तुटलेलं बटण माझ्या अंगावरच शिवायची आणि मी हलले की चापटी मारायची. शेवटी मी वही उघडायची आणि एकेकीला सगळ्यांदेखत विचारायची, "आज किती आणे?"

आणे उतरू लागले. बारा, साडेअकरा, अकरा. लाल झाकण काय आणि हिरवं काय, दोन्हीकडं सारखाच उतार. वीस जणींच्या वीस रेघा जिन्यासारख्या खाली आलेल्या. माणसाचं दुखणं कधी असं शिस्तीत उतरत नाही, हे एमडीच्या पोरीला कळायला हवं होतं. पण हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, तसं माझं झालं. एकविसाव्या दिवशी अक्का दोन आण्यांवर होती. मी तिला मिठी मारली.

चार दिवसांनी लिखाण संपवायला म्हणून मी लातूरला निघाले. एसटी अहमदपूरच्या स्टँडवर थांबली. चहा घेऊन जागेवर बसले आणि दारात गलका ऐकू आला. एका बाईला तिचा जावई खालून लोटत होता आणि कंडक्टर वरून ओढत होता. ती तिरकी होऊन, पायरीला हात टेकून, एकेक पाय वर घेत होती. घामानं डबडबलेला चेहरा वर आला. अक्काच होती.

मला बघून ती दचकली, मग हसली आणि माझ्याच शेजारी बसली. जावई मागं जाऊन बसला. लेकीकडं आली होती, आता लातूरला हाडाच्या डॉक्टरला दाखवायला चालली होती.

"अक्का, गुडघा तर बरा होता ना?"

"कुठला गं. हाय तसाच."

"चार दिवसांपूर्वी दोन आणे सांगितलेत तुम्ही."

"ते तुझ्या वहीतलं, बाई. पायातलं चौदा आणे हाय."

मला आधी कळेचना. मग तिनं सगळं सांगितलं, एखादं चांगलं काम केल्यासारखं, बिनघोर. पहिल्याच दिवशी सगळ्या जणींचं ठरलं होतं. लेकरू आईबाप सोडून उन्हातान्हात येऊन राहिलंय, त्याला नापास होऊ द्यायचं न्हाई. हिशेब खालानं बसवला होता: एकदम उतरवायचं न्हाई, पोरीला शक येईल, रोज अर्धा आणा कमी करायचा. वीस बायकांनी एकवीस दिवस अळीमिळी गुपचिळी पाळली होती. एकीच्याही तोंडून चुकून शब्द गेला नाही.

मी भर एसटीत अक्कावर ओरडले. "तुम्ही मला बुडवलंत! मदत नाही केलीत, बुडवलंत मला!" कंडक्टर वळून बघायला लागला. लातूर येईपर्यंत अक्का आपल्या मांडीवरच्या हातांकडं बघत राहिली आणि मी खिडकीबाहेर. त्या एका तासाची मला आजही लाज वाटते.

घरी कुणाला काही न सांगता दुसऱ्या दिवशी नांदेडला परतले आणि सरांपुढं वही ठेवली. वाटलं होतं, ते म्हणतील, झालं ते झालं, लिहून टाक. खरं सांगायचं तर त्यांनी तसं म्हणावं असं मला वाटत होतं. सरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ त्या जिन्यासारख्या रेघा बघत बसले.

"तीस वर्षं माझ्यापुढं लोक 'उतार आहे' म्हणत आलेत," ते हळू आवाजात म्हणाले. "त्यातले किती जण मला वाईट वाटू नये म्हणून म्हणत असतील गं?"

मला त्यांच्या तेलाची फार कीव आली, आणि त्यांची त्याहून जास्त. ते म्हणाले, "जा, परत विचारून बघ."

गेले. समाजमंदिरात सगळ्यांना बसवलं. अक्का तेवढी आली नव्हती. या वेळी हात जोडले नाहीत, पण चूक तीच केली. म्हटलं, "मला खरा आकडा पाहिजे. खरं सांगितलंत तरच माझा अभ्यास पुढं जाईल."

सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. खाला पुढं सरकली आणि अगदी मायेनं म्हणाली, "बरं, चुकलं आमचं. आता किती पायजे ते सांग. जास्त पायजे का?"

"खाला, मला काही पाहिजे नाही! तुम्हाला दुखतं किती?"

"तसं कसं? पिकाची आणेवारी सांगताना न्हाई का समोरच्याला काय पायजे ते बघून सांगत? दुष्काळ लावून घ्यायचा असला की चार आणे म्हणायचं. तू सांग, आम्ही म्हणतो."

मी डोक्याला हात लावला आणि हसत सुटले. दुसरं करणार काय? या बायकांच्या लेखी आकडा हा दुखण्याचा नव्हताच, तो माझ्यासाठी होता. पहिल्या दिवशी पारावर मीच तो त्यांच्याकडून मागून घेतला होता. आता त्यांनी बारा म्हटलं तरी खोटं आणि दोन म्हटलं तरी खोटं. मी वही मिटली. वीस जणींचा अभ्यास तिथंच संपला, आणि माझं सत्रही.

मग अक्काच्या दुकानाकडं निघाले. समाजमंदिरापासून चालत गेले तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की अंतर चांगलंच आहे, आणि मधे ओढ्याचा चढही आहे. हा चढ ती माझ्या तेलासाठी रोज चढून-उतरून येत होती. बारा आण्यांचे चौदा कसे झाले, ते सांगायला मग वेगळ्या संशोधनाची गरज नव्हती.

अक्का गल्ल्यामागं खुर्चीवर होती. हाडाच्या डॉक्टरनं दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन सांगितलं होतं. मी समोरच्या पोत्यावर बसले आणि एसटीत ओरडल्याबद्दल माफी मागितली. तिनं हातानंच ते उडवून लावलं.

"पण तुझं काय झालं? पास झालीस ना?"

मला खोटं बोलता आलं असतं. तिच्याच पद्धतीनं, तिला बरं वाटावं म्हणून. नाही बोलले. "नाही अक्का. सगळं परत करायचं. सहा महिने गेले. आणि तेलानं तुमचा गुडघा बरा झाला नाही, हेही आता कुठं लिहिता येणार नाही."

तिचा चेहरा पडला. मग मागच्या फळीवरचा एक डबा तिनं ओढला, त्यातून गोळ्यांची पाकिटं काढली आणि माझ्यापुढं ठेवली. सगळी कोरी.

"ह्या दुखण्याच्या गोळ्या. दोन वरसांपासून रोज एक घ्यायची मी. पहिल्या दिवशी तू म्हणालीस, एकवीस दिवस दुसरं कायबी औषध घ्यायचं न्हाई."

म्हणाले होते. असा नियम प्रत्येक अभ्यासात असतो, नाहीतर गुण कशाचा आला ते कळत नाही. कागदावरून मी तो सगळ्यांना घडाघडा वाचून दाखवला होता आणि विसरून गेले होते.

"एक पण घेतली न्हाई बघ," अक्का म्हणाली. "कधी कधी खुर्चीवर बसून पूजा पण होईना. पण घेतली न्हाई. एक दिवस चुकवला न्हाई. तेवढा आकडा खोटा सांगितला, बाकी सगळं तू म्हणालीस तसंच केलंय. हे लिही की तुझ्या वहीत. ह्याचे मार्क देत न्हाईत का?"

मला रडू आवरेना. "अगं, अगं," करत अक्का माझ्याकडं यायला उठू लागली. गल्ल्याला दोन्ही हात टेकून अर्धी उठली आणि परत खाली बसली. मग मीच उठून तिच्याजवळ गेले.