गायमारीची फुलं

प्रीटाच्या जिभेला हाड नव्हतं आणि नवरा गेल्यापासून तिला आवरणारंही कुणी नव्हतं. अशी बाई आयुष्यात एकदाच, नको तिथे गप्प बसली. तिला फिनलंडमधल्या त्या गावानं ओळखलं ते तेवढ्याच एका चुकीवरून.

तिच्याकडे होतं काय? मालकांच्या जमिनीवरचं खोपट, सहा वर्षांची हिल्या आणि हेलुना नावाची एकुलती एक गाय. गाय होती म्हणून चूल पेटत होती. गाय गेली की पंचमंडळी पोरीचा लिलाव करणार, हे लहान पोरांनाही ठाऊक होतं. सांभाळायचे सगळ्यात कमी पैसे जो मागेल, पोर त्याची.

हेलुनाचा हिवाळाभरचा चारा तळ्याच्या खाडीत उगवायचा. पोकळ कांड्यांचं ते पाणगवत बायका कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून कापत. पण त्याआधी एक काम चुकवून चालत नसे. त्या गवतात गायमारी माजते. पांढऱ्या फुलांचे झुबके डोक्यावर असतात तोवर ती काठावरूनही दिसते. तेव्हाच तिला मुळासकट उपटून जाळायची, मगच विळा हातात घ्यायचा.

त्या उन्हाळ्यात मालकीणबाईंकडे स्टेनरूस नावाचे चित्रकार पाहुणे आले. पॅरिसला शिकलेले. जे आहे ते जागेवर बसून जसंच्या तसं रंगवायचं, हा त्यांचा बाणा. एवढा मुलूख पडला होता, पण साहेबांच्या मनात भरली ती प्रीटाची खाडी!

"बाई, ती पांढरी फुलं तेवढी उपटू नका हं," ते म्हणाले. "सगळी शोभा त्यांचीच आहे."

"अहो साहेब, ती गायमारी आहे. गुरं मरतात तिनं!"

"असं? मग तर रंगवायलाच हवी."

मालकीणबाई हसल्या. "अगं प्रीटा, थोडं थांबलीस तर काय आकाश कोसळणार आहे? इथे एवढं मोठं काम चाललंय आणि तुझं आपलं गवत एके गवत. खाडीत कुणी पाय ठेवायचा नाही, सांगून ठेवते."

खोपट त्यांच्या जमिनीवर. प्रीटानं ओठ मिटले.

साहेबांना हवा होता ढगाळ उजेड, रोज तोच. आणि त्या वर्षी ऊन कसं लख्ख! गवत वाळवायला सोन्यासारखे दिवस. साहेब बोटीत बसून मासे पकडत ढगांची वाट बघत होते आणि प्रीटा काठावर बसून त्यांची. हात जोडून तिनं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा साहेब गोड हसले. तळं राखी तो पाणी चाखी म्हणतात. हिनं नुसतंच राखलं.

चित्र संपलं तोवर फुलं झडून गेली होती. त्यातच पहिलं हिम पडलं नि खाडीतलं सगळं काळं पडून आडवं झालं. कुठली कांडी कशाची, देवालाही कळलं नसतं. बर्फ धरायच्या आत प्रीटानं दाताळ्यानं ओढून मिळेल ते बाहेर काढलं. ओढताना गायमारीची मुळंही आली, आणि खरं विष मुळांतच. रात्रंदिवस निवडलं तिनं, बोटं फुटेस्तोवर. एक मूळ राहिलं.

हेलुना गोठ्यात दात खात, पाय झाडत मेली. प्रीटा तिचं डोकं मांडीवर घेऊन ओरडत होती. शेजारचा कुस्ता दारातूनच म्हणाला, "गायमारी ओळखता येईना तुला? तुझा नवरा वेळेवर सुटला म्हणायचा."

लिलावात मालकीणबाईंनी हिल्यासाठी एक पैसाही मागितला नाही. सगळ्या गावानं त्यांच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. प्रीटाला दूरच्या एका वाडीत गोठ्याचं काम मिळालं.

पुढच्या उन्हाळ्यात एका रविवारी ती पोरीला भेटायला आली. प्रीटाला मालकीणबाईंच्या स्वयंपाकघराच्या दाराशी उभं केलं होतं. आत स्टेनरूस साहेब कॉफी पीत बसले होते. चित्राचं राजधानीत फार नाव झालं होतं. हिल्यानं साखर नेऊन दिली.

"गोड पोर आहे. कुणाची?" त्यांनी विचारलं.

"आता आमचीच म्हणायची," मालकीणबाई म्हणाल्या. "आईला साधी एक गाय सांभाळता आली नाही, पोर काय सांभाळणार?"

"अरेरे!" साहेब म्हणाले. त्यांना खरोखरच वाईट वाटलं.

प्रीटाचं तोंड उघडलं होतं. तेवढ्यात हिल्या आतून धावत आली. गालाला लोणी लागलेलं, हातात गव्हाच्या पावाचा भलामोठा तुकडा. "आई, इथे रोज मिळतो!" ती म्हणाली.

प्रीटानं तोंड मिटून घेतलं.