वेइयो गप्प राहिला

दूर उत्तरेच्या बर्फाळ मुलुखात, कायानीच्या तळ्याकाठी माणसं मुळातच मोजकं बोलतात. समोरच्याचं पुरतं संपू द्यायचं, एक श्वास घ्यायचा, मग तोंड उघडायचं, ही तिथली रीत. मध्येच बोलणाऱ्या पोराला आई डोळ्यांनीच दटावते. वेइयो किन्नुनेन या रीतीत वाढला, आणि याच रीतीनं त्यानं जन्मभर विमान चालवलं.

पन्नाशी उलटली आणि त्याची कंपनी बुडाली. देशात दुसरीकडे जागा नव्हती. मग आखातातल्या एका कंपनीची जाहिरात निघाली. उड्डाणाचे तास, परवाना, डॉक्टरांचा दाखला, सगळं त्याच्यापाशी होतं. अवघड अट एकच. इंग्रजी नुसतं येऊन भागणार नव्हतं, चारचौघांत सफाईनं बोलून दाखवायचं होतं. ही नोकरी हुकली तर या वयात त्याला पुन्हा कुणी विमानात बसवणार नव्हतं.

बायको मार्केट्टा शाळेत इंग्रजी शिकवायची. तिनं फर्मान काढलं, "नोकरी लागेपर्यंत स्वयंपाकघरात फक्त इंग्रजी. नाहीतर जेवण नाही."

"मग उपाशी मरतो."

"मर, पण इंग्रजीत मर!"

रोज ती भांडी घासता घासता विचारी, "तुझ्यातला चांगला गुण कोणता?"

वेइयो बराच वेळ विचार करून म्हणे, "मी उशीर करत नाही."

"अरे, आत्ता केलास की!"

हेलसिंकीच्या हॉटेलात मुलाखत झाली. उमेदवारांना एका टेबलाभोवती बसवून प्रश्न टाकला: धुक्यामुळे विमान आडगावी उतरलंय, बस एकच आहे, आधी कुणाला न्यायचं? बोलून ठरवा. परीक्षक बाई कोपऱ्यातून पाहत होत्या. झालं, सगळे एकमेकांच्या बोलण्यावर तुटून पडले. आधी आजारी कोण आहे ते विचारावं, एवढंच वेइयोला सांगायचं होतं. तो कुणीतरी थांबायची वाट पाहत राहिला.

शेजारच्या आयरिश वैमानिकानं कोपर मारलं. "काय कॅप्टन, झोपलात की काय?"

सगळे हसले. वेइयोही हसला, श्वास घेतला, आणि तेवढ्यात पलीकडचा इटालियन बोलू लागला.

नंतर बाईंनी त्याला एकट्याला बोलावलं. "तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

"ते बोलत होते."

"बरं. उड्डाणात कधी मोठं संकट आलं होतं? तुम्ही काय केलंत?"

आलं होतं. बर्फाच्या वादळात एक इंजिन बंद पडलं होतं, आणि त्यानं न बोलता, न डगमगता सगळ्यांना सुखरूप उतरवलं होतं. पण आपल्या तोंडानं आपली थोरवी कशी गायची? त्यानं विचार केला. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

"तसं काही विशेष घडलं नाही," तो म्हणाला.

बाईंनी उठून हात पुढे केला. निवडलेल्यांची नावं दुपारी वाचली. त्याचं नव्हतं.

घरी दर गुरुवारचं ठरलेलं वाटाण्याचं सूप उकळत होतं. वेइयो कोट काढून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबला, आत आला नाही. मार्केट्टानं इंग्रजीत विचारलं, "कसं झालं?" मग त्याच्याकडे नीट पाहिलं आणि शेगडी बारीक केली.

"ये, बस," ती आपल्या बोलीत म्हणाली. "जेव."

दोघांनी हात जोडले. जेवणाआधीची प्रार्थना नेहमी वेइयो म्हणायचा. त्यानं ओठ उघडले, पण शब्द फुटेना. मार्केट्टा मान खाली घालून थांबली. तिनं मध्ये तोंड घातलं नाही. देवाला घाई नसते, हे तिला ठाऊक होतं.

वाडग्यांतलं सूप निवत गेलं.