कॉफीवाल्या काकूंचा पहिला घोट

कॉफीवाल्या काकूंचं नाक सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. दिसायला साधंच, किंचित बसकं. पण वरच्या मजल्यावर कुणाचं दूध उतू जाणार आहे हे त्यांना खाली दुकानात बसल्या बसल्या कळायचं, तेही दूध वर येण्याआधी. "नाकाने कांदे सोलते," असं त्यांची जाऊ एकदा कुणाजवळ म्हणाली होती. काकूंच्या कानावर ते आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सोलते ना! आणि कुठला आतून सडलाय तेही सांगते."

वय एकसष्ट. त्यातली पस्तीस वर्षं कॉफी भाजण्यात गेली. दुकान म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली. दाराशी लाकडी काउंटर, भिंतीला पोती, आणि मागच्या बाजूला भाजायचं यंत्र. यंत्र कसलं, गॅसच्या जाळावर आडवं फिरणारं एक लोखंडी पिंप. भाजताना काकू घड्याळाकडे बघत नसत. आधी दाण्यांना वाळल्या गवताचा वास यायचा, मग गरम पावाचा, मग आतून तडतड सुरू व्हायची, आणि त्या तडतडीनंतर एक गोडसर वास क्षणभर डोकावून जायचा. तेवढ्यात गॅस बंद. "तो वास आला की हात चालवायचा," त्या म्हणत. "त्यानंतर येतो तो धूर."

हे सगळं त्या म्हणत, पण ऐकायला होतं कोण? गिऱ्हाईक यायचं, "पाव किलो, बारीक दळून" म्हणायचं आणि पिशवी घेऊन चालू पडायचं. नवरा निवृत्त बसड्रायव्हर, आणि जन्मभर चहा पिणारा. मुलगी नर्स. तिला ड्यूटीवर जाग आणणारी कुठलीही कॉफी चालायची. म्हणजे घरातच दिव्याखाली अंधार. पस्तीस वर्षांत एकाही माणसाने विचारलं नव्हतं की काकू, तुम्हाला यात काय लागतं?

मागच्या गल्लीत बर्फाचा जुना कारखाना होता. तो बंद पडल्यावर तिथे कबुतरांनी संसार थाटला होता. दोन वर्षांपूर्वी एका माणसाने तो घेतला, कबुतरांना बाहेर काढलं, पत्र्याला निळा रंग दिला आणि आत बिअर बनवायला सुरुवात केली. हा माणूस पूर्वी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तरच म्हणत. बिअरचं कळलं तेव्हा काकूंनी रीतसर नाक मुरडलं. पण दर मंगळवारी सकाळी तिथे भाजलेल्या जवाचं पाणी उकळायला लागलं, की असा काही वास सुटायचा, ओल्या पिठाचा, पाकाचा, की काकू दुकानाचं मागचं दार सताड उघडून ठेवत. कुणी विचारलंच तर सांगत, "वारा येतो जरा."

बिअर मात्र त्यांनी आयुष्यात चाखली नव्हती. कुणी मनाई केली होती असंही नाही. वेळच आली नाही.

ती आली एका शनिवारी, दुपारी. मुलगी ड्यूटीवरून परतताना दुकानात डोकावली आणि म्हणाली, "आई, एक सांगू? चिडणार नाहीस ना?"

"आता चिडले. सांग."

"मास्तरांनी कॉफी आणि संत्र्याची साल घालून काळी बिअर केलीय. दोनदा केली, दोन्ही वेळा बिघडली. राखेसारखी लागते म्हणे. आणि कॉफी तुझ्याकडून नेलेली."

काकूंचा हात काउंटरवरच थांबला. "राखेसारखी? माझी कॉफी?"

"तसं नाही गं, ते म्हणाले—"

काय म्हणाले ते ऐकायला काकू होत्या कुठे? त्यांनी गॅस बंद केला, दार ओढून घेतलं आणि अंगावरच्या एप्रनसकट मागच्या गल्लीकडे निघाल्या. मुलगी मागे जवळजवळ धावत होती.

आत पाऊल टाकलं आणि पहिला धक्का काकूंना नाही, दुसऱ्याच माणसाला बसला. उंच छताखाली स्टीलच्या चार टाक्या, समोर पाच-सहा टेबलं, आणि खिडकीजवळच्या टेबलाशी, समोर अर्धा ग्लास घेऊन, साक्षात त्यांचे यजमान! ते दर शनिवारी 'पाय मोकळे करायला' जात असत. बायकोला बघून त्यांनी ग्लास वर्तमानपत्राआड सरकवला. वर्तमानपत्र उलटं होतं.

"अगं, तू इथे?" ते कसेबसे म्हणाले. "मी आपला… पाणी प्यायला…"

"राहू द्या हो," काकू म्हणाल्या. "तीस वर्षं दर शनिवारी कुठून ना कुठून वेलदोडा चघळत घरी येता. वेलदोड्याखाली काय असतं ते मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला लपवण्यात एवढी मजा येत होती, कशाला घालवायची?"

शेजारच्या टेबलावर कुणाला तरी हसता हसता ठसका लागला. ड्रायव्हरकाकांनी तेवढ्यात वर्तमानपत्र सुलटं केलं.

हसण्याचा आवाज ऐकून मास्तर टाकीमागून बाहेर आले. किडकिडीत माणूस, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. काकूंनी त्यांना बसूसुद्धा दिलं नाही. "मास्तर, माझी कॉफी राखेसारखी लागते?"

"कॉफी नाही हो काकू, माझी बिअर," मास्तर हात जोडून म्हणाले. "नाकी नऊ आलेत माझ्या. सगळं मोजून मापून केलं. तापमान लिहिलं, वेळ लिहिला. वहीत सगळं बरोबर आहे, ग्लासात चूक आहे."

एवढा खरा माणूस समोर उभा राहिल्यावर भांडायचं कसं? काकूंचा पारा उतरला. त्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आणा. बघू दे मला."

"चाखणार?" मास्तर, मुलगी आणि ड्रायव्हरकाका एकदम म्हणाले.

"पस्तीस वर्षांची अब्रू आहे माझी. आणा."

मास्तरांनी छोट्या ग्लासात चार बोटं बिअर आणली. काळीभोर, वर बदामी फेस. काकूंनी लगेच तोंडाला लावली नाही. ग्लास हातात फिरवला, नाकाशी नेला, लांब केला, परत नेला. मग एक छोटा घोट. डोळे मिटले, आणि चेहरा असा झाला जसा पहिल्यांदा कारलं खाणाऱ्या लहान मुलाचा होतो.

"कॉफी उकळलीत?"

"हो. पूड करून, शेवटची दहा मिनिटं."

"अरे देवा! उकळून उकळून तिचा जीव घेतलात आणि वर तिलाच नावं ठेवता? आणि जव आधीच काळे भाजलेले. त्यात मी दिलेली कॉफीही काळी भाजलेली. दोन काळ्यांनी मिळून राखच होणार." त्यांनी आणखी एक घोट घेतला. "संत्र्याची साल पांढऱ्या भागासकट घातलीत. जिभेच्या मागे कडू रेंगाळतंय ते त्याचं. बिअरमध्ये ती हॉप्सची फुलं घालता ना, त्यांचं कडू वेगळं, ते पुढे लागतं आणि जातं." मग जरा थांबून, आवाज उतरवून त्या म्हणाल्या, "पण याच्या खाली काहीतरी छान आहे हो. भाजलेल्या पावाची कड असते ना, तशी चव. बिचारी दबून गेलीय."

मास्तरांनी खिशातून पेन काढलं, खुर्ची ओढली आणि शाळेतल्या पोरासारखे समोर बसले. "काकू, परत सांगा. सावकाश. तुम्हाला आणखी काय काय लागलं?"

हा प्रश्न आत्तापर्यंत कुणी विचारला नव्हता. मुलगी नंतर सांगायची, की आईचे डोळे तेव्हा भरून आले होते. काकू मात्र म्हणायच्या की ते फेसाने झालं. मग त्या जे बोलायला लागल्या ते पाऊण तास. नळ सोडावा तसं. मास्तरांच्या वहीची सहा पानं भरली.

सोमवारी काकूंनी खास घाणा भाजला. नेहमीपेक्षा जरा आधी, तडतड संपता संपता त्यांनी गॅस बंद केला. दाणे काळे नव्हते, दालचिनीच्या रंगाचे होते. "दळायचे नाहीत," त्यांनी मास्तरांना बजावलं. "अख्खे घाला, थंड बिअरमध्ये, आणि चोवीस तासांनी काढा. पंचवीस नाही." संत्र्यांची साल त्यांनी स्वतः बसून सोलली. ड्रायव्हरकाकांनाही कामाला लावलं. आयुष्यभर मोठं स्टिअरिंग फिरवलेले हात ते, पण सालीला पांढरं लागू न देता अशी पातळ सोलायचे की काकू दोनदा वळून बघायच्या.

"चांगलं सोलता की हो."

"मग! तू आजपर्यंत कांदेच सोलत बसलीस, मला कधी विचारलं नाहीस," काका म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर एवढे हसले की एक साल तुटली.

तीन आठवडे बिअर टाकीत मुरत होती. ते तीन आठवडे काकूंना जड गेले. एका गिऱ्हाइकाला त्यांनी बारीकऐवजी भरड दळून दिली, दुसऱ्याची पिशवी रिकामीच हातात ठेवली. मनात धाकधूक. उगाच शहाणपणा केला का? मास्तरांचा माल गेला वाया तर?

रविवारी दुपारी मास्तरांनी टाकीची तोटी उघडली. खिडक्यांतून ऊन आत आलं होतं, टेबलं भरलेली होती. गल्लीतल्या माणसांना वास लागलाच होता. पहिला ग्लास मास्तरांनी स्वतः घेतला नाही, काकूंच्या पुढे ठेवला.

काकूंनी ग्लास नाकाशी नेला. आधी संत्र्याचा वास आला, पण कापलेल्या फळाचा नाही. साल चिमटल्यावर हवेत जो शिडकावा उडतो, त्याचा. त्यामागून कॉफी. त्यांची कॉफी. तीच, गॅस बंद करताना क्षणभर डोकावून जाणारी. पस्तीस वर्षं ती त्यांना एका श्वासापुरती भेटायची आणि पळायची. आज ग्लासात शांत बसली होती.

मग घोट. गार, मऊ, जिभेवर जराशी चुणचुण. पावाची भाजकी कड आता मोकळी झाली होती. मधे गोडवा, शेवटी नेमकं हवं तेवढंच कडू, आणि गिळून झाल्यावर तोंडात पुन्हा संत्रं.

"काय झालं? बोल ना काहीतरी," ड्रायव्हरकाका कुजबुजले.

काकूंनी दुसरा घोट घेतला. मग तिसरा. मग वरच्या ओठावर फेसाची मिशी तशीच ठेवून त्या जोरात हसल्या, पोटातून, तरुणपणी हसायच्या तशा. बस! मास्तरांनी दोन्ही हात वर केले, कुणीतरी टेबल बडवलं, मुलीने आईला मागून मिठी मारली. मग मास्तरांनी स्वतः घोट घेतला. आणि ते चष्मा काढून पुसत बसले.

संध्याकाळच्या आत ती टाकी रिकामी झाली. त्याआधी काकूंनी टेबलाटेबलावर जाऊन माणसांना शिकवलं, "आधी नाक. घाई कसली? पिऊन तर सगळेच टाकतात." सुतारकाम करणारा एक आडदांड गडी ग्लासात नाक खुपसून म्हणाला, "काकू, मला फक्त बिअरचाच वास येतोय." काकूंनी त्याच्या नाकाशी संत्र्याची ताजी साल चिमटून धरली. मग त्याने पुन्हा ग्लास हुंगला आणि एवढा मोठा माणूस लहान पोरासारखा ओरडला, "आला, आला!"

त्यानंतर दर गुरुवारी चार वाजता कारखान्यात काकूंची हजेरी ठरली. टाकीतून थेंबभर काढायचं, चाखायचं, मास्तरांनी लिहून घ्यायचं. सुक्या चेरीची एक बिअर झाली, ती फसली. "औषधासारखी लागते," काकूंनी तोंडावर सांगितलं, आणि मास्तरांनी निमूटपणे ती ओतून दिली. भाजलेल्या बदामाची मात्र अशी जमली की मुलीच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई बदलीच्या गावी जाताना सहा बाटल्या बरोबर घेऊन गेल्या.

गिऱ्हाइकांनाही आता कळलंय, की गुरुवारी दुपारनंतर कॉफी मिळायची नाही. दुकानाच्या बंद दारावर काकूंच्या टपोऱ्या अक्षरातली पाटी लटकत असते: 'चाखायला गेले आहे.'