मोठ्यानं वाचणाऱ्या शेवंताअक्का

शेवंताअक्का पेपर कधीच मनात वाचत नसत. केजजवळच्या आमच्या गावातल्या दूध संस्थेत त्या यंत्रावर दुधाची फॅट मोजायच्या, मी कॅन भरायचो. सकाळी रांग लागली, की त्या खणखणीत आवाजात शेतीविज्ञानाचं सदर वाचायच्या. कुणी शंका काढली, तर म्हणायच्या, "छापून आलंय ना? मग कुणीतरी तपासलंच असंल की!"

एका दुष्काळात जनावरांपुढं टाकायला काळ्या पडलेल्या कडब्याशिवाय काही उरलं नव्हतं. एका सकाळी अक्कांनी वाचलं, युरियाचं पाणी शिंपडलं की निकस कडबाही पौष्टिक होतो. खाली 'उर्वरित पान सहावर' होतं. पण ते पान कुणीतरी भजी बांधायला नेलं होतं.

दुपारी धोंडिबा धावत आला. त्याच्या दोन म्हशींवर त्याचं घर चालायचं.

"अक्का, म्हशी थरथरायल्यात! तोंडाला फेस आलाय. तुमी वाचलं तसंच केलं मी!"

अक्कांनी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. "शिरका, ते चायनीजमधलं व्हिनेगर, आणि गार पाणी पाजा, मी निघालोच," ते म्हणाले. फाट्यावरच्या चायनीजच्या गाडीवरून अक्कांनी शिरक्याच्या बाटल्या उचलल्या आणि माझ्या मोटारसायकलवर बसल्या. गोठ्यात थोरली म्हैस आडवी पडून पाय झाडत होती. मी मान धरली, अक्का पाजू लागल्या. डॉक्टर पोचले तेव्हा थोरली गेली होती. धाकटी तासाभरानं उठली.

"युरियाचं माप असतं," डॉक्टर म्हणाले. "शिंपडल्यावर कडबा तीन आठवडे हवाबंद ठेवायचा. लगेच घातला तर विषच."

दुसऱ्या दिवशी रांगेत पेपरवाल्यांना शिव्या सुरू होत्या. अक्का यंत्रामागून बाहेर आल्या.

"त्यांनी इशारा आतल्या पानावर ढकलला, ही त्यांची चूक. पण लेख अर्धाच हाय, हे मला ठावं होतं. मी तुमाला सांगितलं न्हाई."

मग धोंडिबा म्हणाला, "म्हैस माझी मेली, अक्का. पण तुमी वाचणं सोडू नका. आमाला दुसरं कोण सांगतंय?"

अक्कांनी आठवडाभर पेपर उघडला नाही. नंतर वाचू लागल्या, पण आदल्या दिवशीचा लेख, डॉक्टरांना विचारून. कधीकधी भर रांगेत सांगत, "कालचा लेख मला पुरता कळला न्हाई. वाचणार न्हाई."

अक्का गेल्या, तेव्हा खांदा द्यायला पहिला धोंडिबा पुढं झाला.