ओळीनं घातलेले घाव

मोडलेला दगड दिसला की तुम्हाला सगळ्यात आधी कोणाचा राग येतो?

मला एका कधीच मेलेल्या जागीरदाराचा आला. शिरूर तालुका संपतो आणि नदीपलीकडे दौंड सुरू होतो, त्या पट्ट्यात भीमेच्या काठाला त्याची जुनी बाग आहे. चिंचा आहेत, रिठ्याची झाडं आहेत, मधे एक कोरडा हौद आहे आणि हौदापलीकडे अर्धं पडलेलं देऊळ आहे. म्हणजे होतं. शिखर नव्हतंच. दोन कमानी उभ्या होत्या, तिसरी वरून तुटलेली होती आणि खांबांचे तुकडे गवतात आडवे पडले होते. आता त्या बागेत लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात. मीही मामेबहिणीच्या फोटोंसाठीच गेले होते. फोटोग्राफर तिला तुटक्या कमानीखाली उभं करून म्हणत होता, ‘‘ताई, जरा लांब बघा.’’ मी जवळ बघत होते.

खांबाच्या तुटक्या कडेवर घाव होते. एकदोन नाही, कडेभर. मी त्यांत बोट घातलं आणि माझ्या अंगातून एक चमक गेली. कोणीतरी इथे उभं राहून हे फोडलं होतं. मला घण उचललेला दिसला, दगडाचे कपचे उडालेले दिसले, हात जोडून उभी राहिलेली माणसं दिसली आणि त्यांच्या पाठीत बसलेल्या काठ्या दिसल्या. सगळं मला पाच मिनिटांत दिसलं. बहिणीने हाक मारली तेव्हा माझ्या मुठी आवळलेल्या होत्या.

हे असं का झालं, ते सांगते. आमचं घराणं मेंढरांमागचं. आजोबांनी निमोण्याला जमीन धरली आणि भटकणं थांबवलं. ही बाग झाली त्या जागेवर पूर्वी आमच्या लोकांची मेंढरं बसायची. जागीरदाराच्या माणसांनी काठ्यांनी झोडपून ती उठवली, कोकरं नदीत फेकली, एका म्हाताऱ्याचा गुडघा फोडला. आजोबांनी हे त्यांच्या आजोबांकडून ऐकलेलं आणि मी आजोबांकडून. त्यात मला अजूनही शंका नाही.

आणि आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, शिरूरला छोटा छापखाना आहे. मी वाचायला पत्रकांवर शिकले. पाण्याचा मोर्चा, कांद्याचा मोर्चा, धरणग्रस्तांची सभा. उरलेले कागद घरी यायचे आणि मी जमिनीवर पसरून वाचायचे. त्यांतली क्रियापदं मला फार आवडायची. उखडून टाका. हाणून पाडा. गाडून टाका. आजही आवडतात, खोटं कशाला बोलू.

त्या रात्रीच मी पत्रक लिहिलं. ‘आमचं देऊळ घणाने फोडून त्याने पाहुण्यांच्या चहासाठी बाग केली. घाव अजून ताजे आहेत. जा, हात लावून बघा. आणि मग ठरवा, गप्प बसायचं का.’ खाली कोणाचं नाव नव्हतं, पण कोणी लिहिलंय ते सगळ्यांना माहीत होतं.

छापायच्या आधी आण्णांनी ते दोनदा वाचलं. चष्मा कपाळावर ढकलला.

‘‘आपला देव कवा देवळात बसला होता गं?’’ ते म्हणाले. ‘‘माळावर चार दगडांत हाय तो. कमानी कुठनं आणल्या तू?’’

‘‘म्हणजे ते घाव खोटे?’’

‘‘घाव खरं असतील. देऊळ आपलं होतं का, येवढंच इचारतोय.’’

‘‘तुमची शाई वाळली, आण्णा,’’ मी म्हणाले.

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. पत्रक त्यांनीच छापून दिलं. ते मी शिरूरच्या बाजारात वाटलं, सणसवाडीला कंपन्यांच्या बस सुटतात तिथे उभं राहून वाटलं. बाकीचं काम मोबाइलने केलं. चार दिवसांत माझंच पत्रक मला अनोळखी माणसांकडून यायला लागलं. त्याखाली कोणीतरी लाल रंगात मूठ काढली होती.

दुसरं पत्रक लिहायला मला फोटो हवे होते, म्हणून मी पुन्हा बागेत गेले. बाग सांभाळणारे आप्पा हौदाच्या काठावर बसले होते. सत्तरीच्या पुढचे, जातीने पाथरवट, बागेतल्याच दोन खोल्यांत एकटे राहायचे. त्यांच्या शेजारी माझं पत्रक होतं. वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर छिन्नी ठेवली होती.

‘‘ह्ये लिवणारी तूच का?’’

‘‘हो. मीच.’’

‘‘बरं लिवतीस. वाचताना मलाबी वाटलं, हान त्या जागीरदाराला.’’ ते उठले. ‘‘चल. तू म्हंतीस तसं हात लावून बघू.’’

त्यांनी माझं मनगट धरून माझी बोटं खांबाच्या कडेवर ठेवली.

‘‘काय लागतंय?’’

‘‘घाव.’’

‘‘कसं हायती?’’

मी पुन्हा बोट फिरवलं. त्यांनी पायाजवळचा एक काळा दगड उचलला, दुसऱ्यावर ठेवला आणि हातोड्याचा एकच टोला घातला. दगड फुटला. आतून वाटीसारखा, शिंपल्यासारखा, गुळगुळीत.

‘‘घणानं फुटला की असा फुटतो. आता ह्यो बघ. ह्या रेघा. एकीखाली एक, तिरक्या, सारख्या. राग आलेला माणूस असं ओळीनं घाव घालत न्हाई, पोरी. ह्ये छिन्नीचं काम हाय. आमच्या आज्याचं.’’

मग त्यांनी सांगितलं. जागीरदाराकडे एक गोरा साहेब यायचा. त्याने चित्र दाखवून सांगितलं, की आमच्या देशात मोठ्या लोकांच्या बागांत पडक्या इमारती असतात, मुद्दाम बांधलेल्या, शोभेच्या. जागीरदाराला तसंच पाहिजे झालं. पडकं, पण देखणं. पाथरवट बोलावले. कमान बांधायची आणि वरून तोडल्यासारखी सोडायची. खांब घडवायचा आणि गवतात आडवा टाकायचा.

‘‘आख्ख्या मुलखात मोडकं बांधणारा एकच गवंडी, आमचा आजा,’’ आप्पा हसले. ‘‘बाकीच्यांचं आपोआप मोडतंय.’’

मला हसू आलं नाही. मी म्हणाले, ‘‘कशावरून? आधी खरं देऊळ असेल, त्याचेच दगड वापरले असतील.’’

ते मला आत घेऊन गेले. गाभाऱ्यासारख्या त्या चौकोनात उभं राहून म्हणाले, ‘‘देवाच्या डोक्यावर वतलेलं पाणी कुठनं जाणार, सांग.’’

मी भिंती बघितल्या. देवळातलं पाणी सोडतात ती उत्तरेची बघितली. पाणी बाहेर जायला वाट नव्हती. खाली पिंडी बसवायची जागाही नव्हती. एका दगडाला दुसरा लागून सलग फरशी.

‘‘आमच्या लोकांनी सांगितलं, मोडक्या देवळात देव बसवायचा न्हाई. पाप हाय. तवा आज्यानं पाण्याची वाटच ठिवली न्हाई. उद्या कुणी येडा हितं देव आणून बसवील, म्हणून. येड्याचा इचार केला त्यानं, पण येडीचं त्याच्या ध्यानात आलं न्हाई.’’

हे शेवटचं ते माझ्याकडे बघून म्हणाले. मला त्यांना ढकलून द्यावंसं वाटलं. खरंच वाटलं. मी ज्या जखमेपायी मुठी आवळल्या होत्या ती एका कसबी माणसाने सावलीत बसून, दुपारची भाकरी खाऊन, मन लावून कोरली होती. काठ्या खऱ्या होत्या, फेकलेली कोकरं खरी होती, पण त्यांची खूण कुठेच उरली नव्हती. म्हणून मी दुसऱ्या कशाची तरी खूण उचलून त्यांना चिकटवली.

‘‘खुलासा छाप,’’ आप्पा म्हणाले. ‘‘लोक येत्यात हितं. परवा दोघं आलं, घाव बघून, जागीरदाराचा गडी म्हणून माझ्यावर थुकलं.’’

घरी येऊन आण्णांना सांगितलं. ते म्हणाले, ‘‘आत्ता लिही, आत्ता छापतो.’’ मी लिहायला बसले. दोन ओळींत होण्यासारखं होतं: मी चुकले, ते देऊळ नव्हतं. पण त्या दोन ओळी वाचून जागीरदाराच्या घरची माणसं हसतील, असं मला वाटलं. मग मी त्यात मेंढरांचं घातलं, काठ्यांचं घातलं, साहेबाला चार शिव्या घातल्या. खुलासा हल्ल्यासारखा दिसावा म्हणून मी चार दिवस शब्द बदलत बसले.

पाचव्या दिवशी, रविवारी, दुपारी बाराच्या सुमाराला फोन आला, की लोक बागेकडे निघालेत. मी स्कूटी काढली.

फाटकाचं कुलूप फोडून झालं होतं. चाळीस-पन्नास माणसं, सगळी आसपासच्या चारपाच गावांतली, त्यांत माझे दोन चुलतभाऊही. घण, पहारी, एक ट्रॅक्टर. ट्रॅक्टरची साखळी कमानीला अडकवत होते. जागीरदाराच्या घरचं तिथे कोणी नव्हतं. होते ते आप्पा, हातात पहार आडवी धरून.

मी ओरडले. ‘‘थांबा! ते देऊळ नाहीये! मी चुकीचं लिहिलं!’’

एक उंच तरुण माझ्याकडे वळला. खिशातून पत्रक काढलं, घडी उलगडून माझ्यासमोर धरलं. ‘‘ताई, तुमचं वाचूनच आलोय. आता घाबरताय व्हय? किती दिले त्यांनी?’’

मागून हशा आला. त्याने आप्पांना छातीवर हात मारून ढकललं. ते हौदाच्या कठड्यावर आपटले. आणि मी त्या तरुणाच्या कानाखाली वाजवली. जोरात. त्याची मान फिरली.

पहिला हात माझा पडला. हे मी इथे लिहिते, कारण आतापर्यंत कोणी लिहिलेलं नाही.

बाईवर हात उचलायची त्यांची तयारी नव्हती, म्हणून ते आप्पांवर तुटले. पहार ओढून घेताना कोणीतरी त्यांचा डावा हात कठड्यावर दाबून त्यावर घणाचा दांडा मारला. दोन बोटांची हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. मला मागे ओढत होते, माझा खांदा निखळला होता. लाथा चालू होत्या. त्याच वेळी साखळी ताणली गेली आणि कमान खाली आली. सगळे त्या आवाजाकडे वळले. तेवढ्यात आप्पा उठले. डावा हात पोटाशी धरला, उजव्या हाताने खाली पडलेली पहार उचलली आणि फिरवली. ती त्या उंच तरुणाच्या डोक्याला लागली.

त्याच्या कानातून रक्त आलं. तो बसला आणि मग आडवा झाला. पत्रक त्याच्याच अंगाखाली गेलं.

त्याच्या कवटीला तडा गेला आहे. तो वाचला, पण त्याचे शब्द अडकतात. मी दवाखान्यात गेले तेव्हा त्याच्या आईने मला ओळखलं. मारेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, ‘‘तुझी अक्षरं वाचून गेला गं माझा. मला मोठ्यांदी वाचून दाखवली, मग गेला.’’

आप्पा आत आहेत. जिवे मारण्याचा प्रयत्न, असा गुन्हा आहे. पुरावा म्हणून मोबाइलवर फिरणारा एक व्हिडिओ आहे, अर्ध्या मिनिटाचाही नाही. तो सुरू होतो तिथेच आप्पा पहार उचलतात. एक म्हातारा, एक पहार, एक तरुण पडतो, संपलं. नीट बघाल तर त्यात त्यांचा डावा हात पोटाशी दिसतो. तो तिथे का आहे, हे त्या व्हिडिओत नाही. आण्णांनी माझा खुलासा छापला, दोन ओळींचाच. तो कोणी पुढे पाठवला नाही.

मी जबाब दिला आहे. पण पत्रक लिहिणारी, आप्पांची बाजू घेणारी आणि तिथेच हाणामारी करणारी बाई, तिचा शब्द किती धरायचा? आप्पांचे वकील म्हणतात, आधीची चार मिनिटं कोणाकडे तरी असणार. असणारच. निम्म्या लोकांचे मोबाइल वर होते. हौदाच्या पलीकडच्या काठावर पिवळ्या शर्टातला एक जण साखळी अडकवत होते तेव्हापासून चित्रण करत होता. तो मी स्वतः पाहिला. तो कोणाचा कोण, मला माहीत नाही.

तो तुम्ही असाल, किंवा तुमच्या गावातला, तुमच्या गटातला कोणी असेल, तर ते चित्रण पुसू नका. मोबाइल बदलला असेल तर जुना शोधा. माझ्याकडे पाठवू नका, मी ते कापलं असं म्हणतील. तपास करणाऱ्या अधिकाऱ्याकडे नाहीतर सरळ कोर्टात मोबाइलसकट द्या आणि पोच घ्या. सुरुवातीला माझा हात उठलेला दिसेल, माझ्यावरही गुन्हा लागेल. मला वाचवायला तेवढं गाळू नका. सगळं द्या, आणि पुढच्या तारखेच्या आत द्या.