दाराआडून बघणारे डोळे

एसटी आंबा घाट उतरली आणि डोंगर एकदम हिरवे, ओले, जवळ आले. मी काच पुसून बघत राहिले. मामाच्या गावचा फाटा आला की कंडक्टरला "थांबवा" म्हणायचं, एवढंच काम होतं. वाक्य मनात जुळवूनही ठेवलं होतं. पण फाटा आला तेव्हा आवाज फुटलाच नाही आणि गाडी पुढे गेली. पुढच्या थांब्यावर एक काकू उतरल्या, त्यांच्या मागोमाग उतरले आणि रंगांची पिशवी पाठीला लावून कातळावरून (जांभ्या दगडाच्या उघड्या माळावरून) मागे चालत आले. सगळा कातळ सीतेच्या आसवांनी, म्हणजे बारीक जांभळ्या फुलांनी, भरला होता. चुकले म्हणून तरी तो पाहायला मिळाला.

मामा पाखाडीवर (दगडी पायऱ्यांच्या वाटेवर) छत्री घेऊन उभा होता.

"गाडी तर मगाशीच गेली. तू कुठनं उगवलीस?"

"पुढे गेले."

"मग वरडायचं न्हाय?"

"ती वरडंल?" मामी पडवीतून म्हणाली. "जन्मताना तरी रडली होती का, विचारा तिच्या आईला."

इथे येण्याचं कारण सांगते. मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. एका प्रकाशनाकडे कोकणातल्या मुलीच्या गोष्टीचं पुस्तक होतं. ते मला फार हवं होतं. मी पाठवलेली नमुन्याची चित्रं संपादकबाईंनी परत केली. "सुबक आहेत," त्या म्हणाल्या, "पण ही मुलगी कुठल्याही देशातली वाटते. यात तुमचा हात दिसत नाही मला. गणपतीनंतर पुन्हा दाखवा." त्यांचं खरं होतं. इंग्रजी शाळेच्या वाचनालयातली परदेशी पुस्तकं बघत मी वाढले. गोबऱ्या गालांची, तोंडभर हसणारी मुलं मी डोळे मिटूनही काढू शकते. पण स्वतःचा हात कुठे शोधायचा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मामा गणपती घडवतो. तिथे काही सापडेल, असं वाटलं.

मूर्ती घडवायच्या जागेला इकडे शाळा म्हणतात. मामाची शाळा म्हणजे घरालगतची लांब पडवी. आत ओल्या मातीचा वास आणि भिंतीपर्यंत मांडलेले गणपती. प्रत्येक घर आपला पाट आधीच आणून देतं आणि त्या घराची मूर्ती त्याच पाटावर घडते. पाटामागे घराचं नाव रंगवलेलं असतं. शिवाय मूर्ती दरवर्षी तशीच हवी. कुणाचा लोडाला टेकलेला, कुणाचा मोरावरचा. पीतांबराचा रंगसुद्धा बदललेला चालत नाही.

मी कोपऱ्यातून बघत होते. बैठका निरनिराळ्या होत्या, पण डोळे सगळ्यांचे सारखे होते. जरा मिटत आलेले, पेंगुळलेले.

"मामा, डोळे असे का काढतोस?"

"कसे?"

"झोप आल्यासारखे."

मामाने पहिल्यांदाच पाहावं तसं मूर्तींकडे पाहिलं. मामी मात्र हसत सुटली. "अगो, ते ह्यांचेच डोळे! दुपारी वाटाण्याची उसळ नि घावणे हाणल्यावर बघ ह्यांच्याकडे."

तेवढ्यात वरच्या वाडीतली शेवंताआजी आपला गणपती कुठवर आला ते बघायला आली. मी नकळत दारामागे सरकले.

"ती कोण गो दाराआड?"

"भाची माझी. पुण्याची. चित्रं काढते," मामा म्हणाला.

"मग बाहेर ये की बाय. आम्ही काय खातो व्हय तुला?"

मी हसले आणि तिथेच उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी, समुद्राची चित्रं तरी होतील म्हणून, दोन गाड्या बदलून गणपतीपुळ्याला गेले. पावसाळी करडा समुद्र, देवळाकडे धावणारी भिजलेली माणसं. कोकम सरबताच्या टपरीत बसून मी चित्र काढलं. सरबतवाल्या बाईंनी मान लांब करून पाहिलं.

"झकास! पण आमची टपरी कुठाय ह्यात?"

टपरीवर निळं प्लास्टिक होतं. चित्रात बरं दिसेना म्हणून मी ते गाळलं होतं आणि तिथे माड उभा केला होता.

"इथं माड न्हायच," बाई म्हणाल्या. "पण असू दे. लोकांना माड आवडतात."

येताना गाडीत मी ती वही उघडली नाही.

हरतालिकेच्या आदल्या दिवशी शाळेत उसंत नव्हती. दमट हवेत रंग वाळेनात आणि मामाचा खांदा धरला होता. आखणी (डोळे रेखण्याचं शेवटचं काम) तो दुसऱ्या कुणाला देत नाही. तरी त्याने एक लहान मूर्ती माझ्यापुढे सरकवली. शेवंताआजीची.

"घे. तू चितारीण ना?"

"नको मामा. बिघडेल."

"बिघडलं तर मी हाय की."

मी ब्रश घेतला. मामासारखे पेंगुळलेले डोळे काढायचे, असंच ठरवलं होतं. पण पापणीची रेघ वर गेली आणि ती सावरता सावरता डोळे मोठे होत गेले. झाल्यावर मूर्तीकडे नीट बघायचं धाडसही मला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी आजी मुंबईहून आलेल्या मुलाला घेऊन आली. मूर्ती त्याच्या डोक्यावर द्यायच्या आधी ती समोर उकिडवी बसली आणि खूप वेळ बघत राहिली.

"ह्यो आमचा न्हाय," मुलगा म्हणाला.

"पाट आमचा हाय ना? मग आमचाच." आजी आणखी जवळ वाकली. "पण भ्यालाय गो ह्यो. दाराआडून बगल्यासारखा बगतोय." मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि बोळक्या तोंडाने हसली. "हिच्यासारखा!"

सगळे हसले. मुलगाही. माझे कान तापले.

"असू दे," आजी म्हणाली. "नव्या घरी जायचं म्हटल्यावर भिणारच. चार मोदक खाल्ले की व्हईल धीट."

"मामा," मी म्हणाले, "तू नीट कर ना."

"आजीला चालतंय की."

"नको. नीट कर."

या सबंध प्रवासात मी मोठ्याने बोललेली ही एवढीच गोष्ट. मामाने एकदा माझ्याकडे पाहिलं, मी काढलेल्या डोळ्यांवर पांढऱ्या रंगाचा हात दिला, वारं घालून तो वाळवला आणि वर आपले पेंगुळलेले डोळे रेखले. प्लास्टिक पांघरलेला गणपती मुलाच्या डोक्यावरून पाखाडी चढून गेला.

मामाकडचा गणपती दीड दिवसाचा. त्याचं विसर्जन झालं आणि मी निघाले. मामीने हळदीच्या पानातले पातोळे बांधून दिले. फाट्यापर्यंत मामा आला, गाडीला हात त्यानेच केला.

पुण्याला परतल्यावर नवी चित्रं करायला बसले. गोष्टीतली मुलगी पहिल्यांदाच मामाच्या गावी जाते. तिला मी पुन्हा तोंडभर हसवलं आणि थांबले. माझ्या चित्रांतलं एकही मूल आजवर कुणाला भ्यालं नव्हतं. मी मात्र सगळ्यांना भीत आले होते. हे आजीला एका नजरेत दिसलं, आणि तिला ते चाललंही होतं. मग मी मूर्तीला काढलेले ते डोळे आठवून काढू लागले. पानामागून पान. ते मोठे येत, सुबक येत, पण भ्यालेले येईनात. फोटो काढला नव्हता. ज्याची लाज वाटते त्याचा फोटो कोण काढतं?

चित्रं पाठवली. संपादकबाईंनी सौम्य शब्दांत कळवलं की पुस्तक दुसऱ्या चित्रकाराला दिलं आहे.

त्यानंतर, गणपतीची धावपळ सरल्यावर, मामीचा फोन आला. गौरी-गणपती नदीवर गेले तेव्हा पाऊस लागला होता, शेवंताआजी आपल्या गणपतीबरोबर हट्टाने पाण्यापर्यंत आली होती, असं बरंच काही ती सांगत होती. "आजी म्हणत व्हती, भ्यालेला होता तो बरा होता. पेंगणारे काय, साऱ्या वाडीत हायत."

मी फोन ठेवला. शाडूच्या मूर्तीवरचा रंग पाण्यात थराथराने सुटतो. मामाचे डोळे आधी गेले असतील, मग पांढरा. त्यानंतर क्षणभर, त्या गढूळ नदीत, माझे डोळे उघडले असतील. तेव्हा त्यांच्याकडे बघायला काठावरही कुणी उरलं नसेल.