भरतीच्या वेळी दाखवायचं घर

नर्सच्या नोकरीसाठी मी पनवेलला निघाले, तेव्हा बाबा होडीतूनच मला पलीकडच्या एसटी थांब्यावर सोडायला आले. उतरताना म्हणाले, "खाडी हाय तवर आपल्या घराला मरान न्हाय, बाय." तेव्हा ते खरं होतं. रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीत खाडीला लागून घर म्हणजे श्रीमंती. चुलीवर भात शिजेपर्यंत आई ओहोटीत उतरून टोपलीभर तिसऱ्या शिंपल्या घेऊन यायची. वर सड्यावरच्या, उघड्या कातळावरच्या लोकांना आमचा हेवा वाटायचा.

आता वरून कारखान्यांचं आणि गटारांचं पाणी येतं. ओहोटीला काळा चिखल उघडा पडतो नि वासाने डोकं उठतं. आई गेल्यापासून बाबा तिथे एकटे, त्यात दमा. डॉक्टर म्हणतात, इथून हलवा. पण माझ्या वन रूम किचनमध्ये आम्हीच चौघं. ते घर विकलं तरच मोठा फ्लॅट घेता येईल. सड्यावर पूर्वी कुत्रं फिरकत नसे, तिथे आज मागाल तो भाव मिळतो. आमच्या घराला गिऱ्हाईक नाही.

गेल्या उन्हाळ्यात पुण्याचे एक गृहस्थ आले. एजंटने बजावलं होतं, घर ऐन भरतीलाच दाखवायचं. पाणी काठोकाठ, चिखल झाकलेला. ओटीवर उभे राहून ते होमस्टेचे बेत सांगू लागले. सौदा ठरल्यातच जमा होता. पण पाहुण्याला म्हावऱ्याशिवाय जेवू घालणं बाबांना जमत नाही. त्यांनी बंदरावरून सुरमई आणली होती. पाहुण्यांनी कौतुकाने विचारलं, "इथल्याच खाडीतली का?"

"छे ओ," बाबा म्हणाले, "खाडीतला म्हावरा आमीपन खात न्हाय. पावन्याला इख घालू काय?"

गृहस्थ जेवले. विहिरीचं पाणी मात्र प्यायले नाहीत. पुन्हा त्यांचा फोन आला नाही. बाबा, हरिश्चंद्र व्हायला हाच मुहूर्त सापडला का, असं म्हणून मी खूप चिडले. नंतर रडलेही.

वाडीतले विचारतात, बापसाला कधी नेतेस? माझ्यासारखे इकडे आलेले विचारतात, घर विकलं का? घर म्हणजे आता रोज संध्याकाळचा फोन. पाहुण्याशी ज्यांना खोटं बोलवलं नाही, ते बाबा मला रोज सांगतात, "आज वास न्हाय, बाय. बरा हाय मी." आणि मग खोकल्याची ढास थांबेपर्यंत फोन तोंडापासून लांब धरतात.